कढीलिंबावरची अळी

(प्रौढ साक्षरता वर्गातील मंडळींपुढे दिलेले भाषण)

मंडळी,

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण हसतील. खुशाल हसा. आजचा विषय आहे अळी. कढीलिंबाच्या झाडावर, लिंबाच्या झाडावर असते ना, ती अळी. बायकांना ती दिसली की फांदी झटकतात. पुरुष चपलेने चिरडतात. मुले काडीने डिवचतात. पण तिच्याकडे दोन मिनिटे नीट पाहिले आहे, असा माणूस शंभरांत एखादा सापडायचा.

आम्ही म्हणतो, ती अळी घरात आणा. बरणीत ठेवा. तीनचार आठवडे तिच्याकडे रोज पहा. आणि जे दिसेल त्याची रोज एक ओळ लिहा.

"गुरुजी, हे कशाला? आम्हांला कामे थोडी आहेत का?" असे तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे. त्याचे उत्तर आम्ही आत्ताच देत नाही. आधी अळीची गोष्ट ऐका. उत्तर त्यातूनच निघेल.

अळी ओळखायची कशी?

अळ्या अनेक जातींच्या असतात. अंगावर दाट केस असलेल्या अळीला आपण सुरवंट म्हणतो. तिच्या वाटेला जाऊ नका. पुष्कळ सुरवंटांचे केस अंगाला लागले की खाज सुटते, पुरळ उठते. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवा. आपल्याला हवी ती गुळगुळीत अंगाची अळी. कढीलिंब, कागदी लिंबू, मोसंबी, संत्रे, बेल, ही तिची आवडती झाडे.

पावसाळ्यात या झाडांना कोवळी पालवी फुटते. त्या सुमारास एक काळे फुलपाखरू तेथे घोटाळताना दिसेल. त्याच्या काळ्या पंखांवर पिवळट-पांढरे ठिपके असतात. मागच्या पंखावर एक तांबडा ठिपका असतो. पंख पसरले तर तीनचार इंच भरतात. ही मादी पानावर क्षणभर टेकते आणि पायांनी पान चाचपते. फुलपाखराला पायांनी चव कळते, बरं का! पान लिंबाच्या कुळातले आहे अशी खात्री झाली, की ती शेपटीचे टोक वाकवून एक अंडे चिकटवते. अंडे फिकट पिवळे, गोल, मोहरीच्या दाण्याएवढे. एका जागी एकच. मग उडून दुसऱ्या पानावर जाते.

तीनचार दिवसांत अंड्यातून अळी निघते. ती पाहून तुम्हांला वाटेल, की पानावर पाखराची विष्ठा पडली आहे. काळपट-तपकिरी रंग, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. हीच तिची युक्ती. चिमणी, बुलबुल असले पक्षी अळ्या टिपून खातात. पण विष्ठा कोण खाणार? म्हणून त्यांची नजर फसते आणि अळी वाचते. झाडावरून पान खुडताना आपणही पुष्कळदा फसतो.

बरणीतले बिऱ्हाड

आता तयारी. खर्च काही नाही. घरातली रुंद तोंडाची काचेची किंवा प्लास्टिकची बरणी घ्या. स्वच्छ धुऊन कोरडी करा. तळाला कागद घाला. तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा किंवा विरलेल्या साडीचा तुकडा बांधा. घट्ट झाकण लावू नका. आत हवा खेळली पाहिजे. बंद झाकणाखाली दमट होते, बुरशी येते आणि अळी मरते.

अळी बोटांनी उचलू नका. ती सोळा पायांनी पानाला धरून असते. पुढचे सहा पाय खरे, मागचे दहा मांसल, टोकाला बारीक आकड्यांचे. ओढली तर तिला इजा होते. ज्या पानावर ती आहे, ते पान देठासकट तोडा आणि तसेच बरणीत ठेवा. एका बरणीत एकदोनच ठेवा, जास्त नको.

पान लवकर सुकते. म्हणून औषधाच्या लहान बाटलीत पाणी भरून त्यात डहाळी उभी करा. बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाही तर अळी डहाळीवरून उतरून पाण्यात बुडते. बरणी उन्हात ठेवू नका. चुलीजवळ नको, धुरात नको, डासांची अगरबत्ती लावता तेथेही नको. मुंग्या येत असतील तर काय करायचे, हे बायकांना सांगायला नको. साखरेचा डबा आपण पाण्याच्या ताटलीत ठेवतो, तशीच ही बरणी ठेवावी.

एक गोष्ट महत्त्वाची. ज्या झाडावर अळी सापडली, त्याच झाडाची पाने तिला द्या. बाजारातली जुडी आणून घालू नका. त्या पानांवर औषध फवारलेले असले, तर अळी तासाभरात आडवी होईल. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आपल्याला लागणार आहे.

खाणे आणि कात टाकणे

अळीचे काम एकच, खाणे. रात्रंदिवस खाते. खाली काळ्या लेंड्या पडतात. त्या रोज झाडून टाका आणि कागद बदला. ताजे पान ठेवताना अळीला हलवू नका. नवी डहाळी जुनीला टेकवून ठेवा. ती आपली आपण चढते.

ती वाढते, पण तिची कातडी वाढत नाही. वाढत्या मुलाचा सदरा तोकडा होतो, तसे तिचे होते. मग एके दिवशी ती खायचे थांबते. एका जागी चिकटून बसते. हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, आजारी पडली की मेली. टाकून देऊ नका. ती कात टाकण्याच्या तयारीत असते. दिवसभराने डोक्यामागची कातडी फाटते आणि अळी पुढे सरकून बाहेर येते. कित्येकदा टाकलेली कात खाऊनसुद्धा टाकते.

अशी ती चार वेळा कात टाकते. चौथ्या वेळी गंमत होते. विष्ठेसारखी दिसणारी अळी एकदम हिरवीगार होऊन बाहेर येते. अंगावर तपकिरी तिरपे पट्टे असतात. आता ती मोठी झाली. एवढ्या मोठ्या देहाला विष्ठेचे सोंग शोभत नाही. म्हणून आता पानाचे सोंग!

या हिरव्या अळीच्या पाठीला काडीने हळूच स्पर्श करा. डोक्याच्या मागून दोन नारिंगी शिंगे बाहेर येतील, सापाच्या दुभंगलेल्या जिभेसारखी. आणि उग्र वास सुटेल. भिऊ नका. ती चावत नाही, डंख करत नाही. ते शिंग नव्हे, मऊ पिशवी आहे. मुंग्या आणि बारीक शत्रू त्या वासाने मागे हटतात. एकदा पाहून झाले की पुन्हा पुन्हा त्रास देऊ नका.

अळी साधारण दीड इंचाची होते. अंड्यातून निघाल्यापासून इथवर यायला दोन ते तीन आठवडे लागतात.

कोश होताना

आता नीट ऐका. एके दिवशी अळी खाणे सोडते. खाली पातळ, ओली घाण पडते. ती पोट रिकामे करते. मग बरणीभर फिरू लागते. वर चढते, खाली उतरते, कापडावर जाते. तासन्‌तास फिरते. याला आजार समजू नका. ती जागा शोधत असते. तिच्यासाठी बरणीत दोनतीन सुक्या काड्या तिरक्या उभ्या करून ठेवा.

जागा पसंत पडली, की तोंडातून रेशमाचा धागा काढून ती काडीवर लहानशी गादी विणते. त्या गादीत मागचे पाय रोवते. मग डोके एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नेत पाठीभोवती धाग्याचा फास घेते. विजेच्या खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा अडकवून मागे रेलतो, अगदी तशी ती दिसते. असा दिवसभर मुक्काम. नंतर शेवटची कात फाटते. आतून अळी निघत नाही. निघतो कोश. त्याला पाय नाहीत, तोंड नाही.

हा कोश हिरव्या पानांत असेल तर बहुधा हिरवा होतो. सुक्या काडीवर किंवा भिंतीवर असेल तर बहुधा तपकिरी होतो. इथेही लपण्याचीच सोय.

रेशमाच्या किड्याचा कोश वेगळा, हेही सांगून ठेवतो. तो पतंग. तो अंगाभोवती धाग्याचे घर विणतो. आपल्याकडे भंडारा, गडचिरोली भागात ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. त्यांच्या कोशाला कोसा म्हणतात. त्याचा धागा काढून कापड होते. आपल्या अळीला असे घर नाही. उघड्यावर कमरेच्या एका धाग्यावर ती दिवस काढते.

कोशाच्या आत काय चालते?

लोक म्हणतात, कोशात अळी झोपते. झोपत नाही, मंडळी. आत मोठे काम चालते. अळीच्या अंगातला बराच भाग विरघळतो. पाने कुरतडणारे तोंड जाते. मांसल पाय जातात. अळीच्या अंगात पहिल्यापासून पेशींचे काही बारीक पुंजके गप्प बसलेले असतात. ते आता वाढू लागतात. एका पुंजक्यातून पंख, दुसऱ्यातून पाय, तिसऱ्यातून डोळा. विरघळलेल्या अंगाचाच माल या बांधकामाला लागतो. श्वासाच्या नळ्या आणि मेंदू-मज्जांचा काही भाग डागडुजी होऊन टिकतो. कोश जिवंत असतो, श्वास घेतो. हलकेच धक्का लागला तर कधी कधी वळवळतो.

याविषयी एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. तंबाखूच्या झाडावर वाढणारी पतंगाची एक जात आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तिच्या अळ्यांना एक विशिष्ट वास दिला आणि त्याच वेळी विजेचा हलका झटका दिला. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. पुढे त्या कोशात गेल्या, पतंग होऊन बाहेर आल्या. आणि काय आश्चर्य! पतंगही तो वास टाळू लागले. 2008 साली हे प्रसिद्ध झाले. त्यात आणखी एक गोष्ट होती. ज्या अळ्यांना लहान असताना शिकवले होते, त्या विसरल्या. ज्यांना मोठ्या झाल्यावर शिकवले, त्यांच्या लक्षात राहिले. आता आमच्या वर्गात "गुरुजी, या वयात कसले शिकणे!" असे म्हणणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा. अळीचा नियम माणसाला लागू पडतो असे आम्ही म्हणत नाही. पण ऐकून बरे वाटते, एवढे खरे.

उबेच्या दिवसांत कोश आठ ते बारा दिवसांत पिकतो. थंडीत महिना लागतो, कधी कधी त्याहून जास्त. या काळात तुम्ही काय करायचे? काही नाही. हेच सगळ्यांत अवघड. बरणी हलवू नका. कोश काडीवरून काढू नका. उघडून पाहू नका. हवा अगदी कोरडी असेल तर वरच्या कापडाला दोनचार दिवसांतून पाण्याचा हात लावा. बस्स.

फुलपाखरू बाहेर येते

शेवटच्या दिवशी कोश काळपट होतो. सालीतून पंखांवरचे पिवळे ठिपके दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. बहुधा सकाळीच कोश डोक्याकडून फुटतो आणि फुलपाखरू बाहेर येते.

ते पाहून प्रथम निराशा होईल. पंख आखडलेले, ओले, चुरगळलेल्या कागदासारखे. पोट फुगलेले. वाटते, अधू जन्मले बिचारे. ते काडीवर चढून पंख खाली सोडून लटकते आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांत भरते. हळूहळू पंख उलगडतात. सोंडही आधी दोन धाग्यांची सुटी असते. ती गुंडाळत-उलगडत दोन्ही धागे जोडून एक नळी करते. खाली लालसर-तपकिरी पाण्याचे थेंब पडतात. ते रक्त नव्हे. कोशातली साठलेली घाण असते.

यावेळी कित्येकांना दया येते. बिचाऱ्याला कोशातून सुटता येत नाही असे वाटून ते टोकदार काडीने साल सोलतात, बोटाने पंख सरळ करतात. असे करू नका. ओला पंख बोटाने फाटतो किंवा वाकडा वाळतो. एकदा वाकडा वाळला की जन्मभर वाकडा. मग त्याला उडता येत नाही. त्याला आपल्याकडून हवी फक्त लटकायला मोकळी जागा आणि वेळ. दोनतीन तास द्या. पंख कडक झाले की बरणी झाडाजवळ न्या आणि कापड सोडा. पाऊस असेल तर थांबा. ते आपल्या वाटेने जाईल.

एका बाईंचे कॅलेंडर

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे सगळे कशाला?

आमच्या वर्गातील एका बाईंची हकीकत सांगतो. त्यांचे नाव घेत नाही. त्यांच्या दारात कढीलिंबाचे एक मोठे झाड आणि पाचसहा रोपे. त्या जुड्या बांधून आठवडी बाजारात विकतात. घरखर्चाला तेवढाच हातभार. जुलै महिन्यात झाडावर अळ्या पडल्या. शेजाऱ्याने कपाशीवर मारायच्या औषधाची उरलेली बाटली आणून दिली. सासूबाई म्हणाल्या, "आजच्या आज मार, नाही तर झाड बोडके होईल." बाईंनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. दोन अळ्या बरणीत ठेवल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. त्या लिहायला शिकल्या त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. त्यांच्या ओळी अशा:

"3 जुलै. दोन अळ्या. काळ्या पांढऱ्या."
"4 जुलै. मोठ्या झाडावर मोजल्या. चौदा. रोपांवर सहा."
"9 जुलै. एक अळी हिरवी झाली."
"12 जुलै. आज पाच पाने खाल्ली."
"14 जुलै. खात नाही. फिरते."
"15 जुलै. दोरा बांधला."
"16 जुलै. कोश."
"25 जुलै. सकाळी फुलपाखरू. सासूबाईंनी पाहिले."

दुसरी अळी एक दिवस मागे होती. तिचेही तसेच झाले.

या ओळींनी काय झाले? चार तारखेच्या मोजणीने कळले, की मोठ्या झाडावर अळ्या चौदाच आहेत आणि पाने हजारो. चौदा अळ्यांनी ते झाड बोडके होत नाही. रोपांची गोष्ट मात्र वेगळी. हातभर उंचीच्या रोपाला पाने किती? दोन हिरव्या अळ्या त्याचा फडशा पाडतात. संत्रा-मोसंबीच्या रोपवाटिकेत या अळीने खरेच नुकसान होते. विदर्भातल्या वरुड-मोर्शीकडच्या बागाईतदारांना विचारा. तेव्हा बाईंनी रोपांवरच्या सहाही अळ्या वेचून काढल्या. दहा मिनिटांचे काम. दर दोनतीन दिवसांनी रोपे पाहायची, अंडी आणि लहान अळ्या वेचायच्या. मोठ्या झाडावरच्या तशाच राहू दिल्या.

बाटली परत गेली. ही मोठी गोष्ट झाली. कारण कढीलिंबाचे पान आपण शिजवून टाकून देत नाही, फोडणीत घालून खातो. बाजारात जुडी घेणारी आई ते पान आपल्या मुलाच्या आमटीत घालते. कपाशीचे औषध खाण्याच्या पानासाठी केलेले नसते. बरणीतली अळी ज्या पानाने आडवी होते, ते पान ताटात येऊ नये एवढे तरी आपण पाहावे. आणि बाजारातून आणलेला पाला भरपूर पाण्यात धुऊन मगच वापरावा.

त्या महिन्यात आणखी एक प्रकार झाला. बाईंना कुंपणाच्या काठीवर तसलाच एक कोश सापडला. तो त्यांनी काठीच्या तुकड्यासह दुसऱ्या बरणीत ठेवला, तोंडाला मलमलीचे कापड बांधून. बरेच दिवस गेले. कोश काळा पडला, पण त्यावर ठिपके दिसेनात. एक दिवस त्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसले आणि बरणीत चिलटांएवढ्या पुष्कळ माश्या! त्यांची धाकटी मुलगी रडू लागली. "आई, फुलपाखराच्या माश्या कशा झाल्या?"

गांधीलमाशीच्या जातकुळीतली ही एक बारीक माशी आहे. कोश ताजा, मऊ असतो तेव्हा ती त्याला टोचून आत अंडी घालते. तिची पिले कोशातला जीव खाऊन वाढतात आणि भोक पाडून बाहेर पडतात. फुलपाखराची माशी होत नाही. फुलपाखरू मेले आणि माश्या जगल्या. मुलीला वाईट वाटले ते बरोबरच. पण बाईंचा यात फायदाच होता. त्या माश्या त्यांच्या झाडाचे फुकटचे राखणदार. फुलपाखराची मादी अंडी पुष्कळ घालते. त्यांतली बहुतेक मुंग्या, कोळी, पक्षी आणि अशा माश्या संपवतात. म्हणूनच लिंबाची झाडे अजून जगात आहेत. औषध मारले की अळीबरोबर हे राखणदारही मरतात. मग पुढच्या वेळी अळ्या आल्या, की त्यांना खायला कोणी उरत नाही.

कुंभारमाशीची गोष्ट

तुम्ही कीर्तनात अळी आणि भ्रमराचा दृष्टांत ऐकला असेल. माशी अळीला मातीच्या घरात कोंडते. अळी भीतीने रात्रंदिवस माशीचेच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतः माशी होते. ज्याचे ध्यान करावे तसे आपण होतो, हे सांगण्यासाठी हा दृष्टांत देतात. तो उपदेश आपल्या जागी चांगला आहे. त्याला आम्ही धक्का लावत नाही.

पण माशीची हकीकत मात्र वेगळी आहे. कुंभारमाशी मातीचे मडके करते. त्यात एक अंडे घालते. मग अळ्यांना डंख मारून लुळ्या करते आणि त्या मडक्यात भरून तोंड लिंपते. अंड्यातून निघालेले पिलू त्या अळ्या खाऊन वाढते आणि माशी होऊन बाहेर येते. ज्याने फक्त आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली माशी पाहिली, त्याला अळीचीच माशी झाली असे वाटणार. मधले दिवस कोणी पाहिले नव्हते. बाईंच्या मुलीला जे वाटले, तेच पूर्वीच्या मोठ्या माणसांना वाटले.

युरोपातही असेच होते. किडे चिखलातून, सडक्या पदार्थातून आपोआप जन्मतात, असे तिकडचे शिकलेले लोकसुद्धा मानीत. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात 1647 साली मारिया सिबिला मेरियन नावाची मुलगी जन्मली. तेराव्या वर्षापासून ती घरी रेशमाचे किडे आणि अळ्या पाळू लागली. कोणती अळी कोणते पान खाते, कधी कोश करते, कोशातून काय निघते, हे ती पाही आणि त्याची चित्रे काढी. 1679 साली तिने अळ्यांवरचे आपले पुस्तक छापले. बावन्नाव्या वर्षी, म्हणजे 1699 साली, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. तेथल्या किड्यांवरचे तिचे मोठे पुस्तक 1705 साली निघाले. ती कोणत्या विद्यापीठात शिकली नव्हती. त्या काळी बायकांना तेथे प्रवेशच नव्हता. तिच्याजवळ पेट्या होत्या, पाने होती, रंग होते आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय होती. आज अळी, कोश आणि फुलपाखरू एकाच पानावर काढलेले चित्र शाळेच्या पुस्तकात असते. तसे चित्र काढणाऱ्या पहिल्या लोकांत तिचे नाव घ्यावे लागते.

आता तुम्ही काय करायचे?

पावसाळा सुरू आहे. आज घरी गेल्यावर कढीलिंबाचे किंवा लिंबाचे कोवळे पान उलटून पहा. अळी सापडली तर एकदोनच आणा. बाकीच्या झाडावर राहू द्या. ज्या अळीचे झाड माहीत नाही, ती आणू नका. चुकीचे पान ती खाणार नाही, उपाशी मरेल. जंगलातून आणू नका. काही दुर्मिळ फुलपाखरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखरू ठरवले, ते निळ्या-काळ्या पंखांचे ब्लू मॉर्मन आपल्या या अळीच्याच कुळातले आहे. त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. कोणाच्या बरणीत तेच निघाले, तर त्याचे नशीब थोर.

कॅलेंडरवर रोज एक ओळ लिहा. मोठे वाक्य नको. शुद्धलेखनाची भीती नको. "आज खाल्ले नाही" एवढे पुरे. मोबाईलवर फोटो काढता येतो, तो जरूर काढा. पण ओळ हाताने लिहा. लिहायचे म्हटले, की नीट पाहावे लागते. न दिसलेले लिहू नका. आणि मध्येच अळी मेली, तर तेही तारखेसह लिहा. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

घरातल्या मुलांना बरोबर घ्या. मुलगा विचारील, "कोशात काय चालले असेल?" तुम्हांला सांगता येईल. आजपर्यंत अक्षराच्या गोष्टी मुले तुम्हांला सांगत होती. ही एक गोष्ट तुम्ही त्यांना सांगा.

बाईंचे ते कॅलेंडर वर्ष संपल्यावर त्यांनी फाडले नाही. गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. या वर्षी जूनमध्ये त्यांनी ते काढून पाहिले आणि अळ्या दिसायच्या आधीच रोपे तपासायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात त्यांच्याच शेजाऱ्याने त्यांना विचारले, "वहिनी, आमच्या लिंबाच्या रोपांवर काहीतरी काळे-पांढरे बसले आहे. ते काय असेल हो?"

पुढच्या शुक्रवारी ज्यांना अळी सापडेल त्यांनी आपली ओळ लिहून वर्गात आणावी. आपण सगळे मिळून वाचू.